मास्तर कशापाशी बसले

३ जून

भिंगरे,

आशीर्वाद वगैरे गृहीत धर. आठ महिन्यांनी का होईना, मी मोठी आहे. फोनवर आपण दोघी तिसऱ्या मिनिटाला भांडतो, म्हणून लिहायला बसले. कागदावर निदान तू मध्येच बोलत नाहीस.

पेपरातला तुझा फोटो पाहिला. आईनंच कात्रण पाठवलं, घडी पडू नये म्हणून पुठ्ठा लावून. 'दहा डबे लपवले, दहाही शोधले. बसस्थानकाच्या श्वानाला पहिला क्रमांक.' तू गणवेशात छाती काढून उभी आणि शेजारी तुझा तो मास्तर, जीभ लोंबतेय. कात्रणाच्या मागे आईच्या अक्षरात, 'किती शहाण्यासारखा बसलाय बघ.' मला डॉक्टरेट मिळाली तेव्हा हीच बाई मला म्हणाली होती, 'संपल्या का परीक्षा एकदाच्या?'

सरळच लिहिते, माझा जळफळाट झाला. सात वर्षं मी एका यंत्राच्या मागे आहे. कापडाची पट्टी बॅगेच्या मुठीवरून फिरवायची आणि यंत्रात सरकवायची. आत ती तापते, तिच्यावरच्या बारीक कणांची वाफ होते, त्या वाफेला विजेचा भार देऊन एका नळीतून पळवायचं. प्रत्येक पदार्थाला नळी पार करायला आपापला वेळ लागतो, त्यावरून कळतं की हा साबण आहे की स्फोटक. आठ सेकंदांत. पण त्याचा फोटो कोण काढणार? दिसायला ते ऑफिसातल्या प्रिंटरसारखं आहे आणि त्याला शेपूट नाही.

आता कामाचं. तुमच्या बसस्थानकावर सुरक्षा समितीला एकच काहीतरी ठेवायचंय, तुमचं श्वानपथक किंवा आमचं यंत्र. पथक म्हणजे तू आणि तो, बाकी कोण आहे तिथं? अकरा जुलैला, शनिवारी, तुमच्याच आगारातल्या शेडमध्ये चाचणी आहे. चाळीस बॅगा, त्यातल्या सहांत नमुने. आधी यंत्र, मग कुत्रा.

आई बघायला येणार म्हणते. कुणासाठी, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. एकदा तिनं माझं काम डोळ्यांनी बघावं आणि 'छान आहे गं' म्हणावं, मला या चाचणीतून एवढंच हवंय. समितीला काय हवंय ते त्यांचं त्यांना ठाऊक.

तू त्याला शिकवतेस कशी, ते सविस्तर लिही. शास्त्रज्ञ म्हणून विचारतेय.

तुझी
ताई


११ जून

ताई,

नमस्कार केला असं समज, एका हातात मास्तरांचा पट्टा आहे.

तुला माझा हेवा वाटतो हे वाचून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. पुन्हा एकदा लिही, चौकट करून लावते. लहानपणापासून अंगावर तुझे आखूड झालेले फ्रॉक, हातात तुझी जुनी पुस्तकं, आणि त्यांच्या समासात तुझी बरोबर उत्तरं. बाई विचारायच्या, 'तू तिची बहीण ना?' मग माझं उत्तर ऐकून म्हणायच्या, 'मावसबहीण असशील.' अजूनही तुझ्या नावाआधी डॉक्टर लागतं आणि मला स्थानकावर सगळे कुत्रेवाली म्हणतात. तेव्हा एक फोटो माझा असू दे.

चाचणीचं साहेबांनी सांगितलं. मास्तर हरले तर पथक बंद. मला तिकीट खिडकीवर बसवणार आणि त्यांना कुठल्यातरी गोदामाच्या राखणीला पाठवणार. सात वर्षांचे झालेत ते. गोदामात साखळीला बांधून ठेवतील, आणि साखळी त्यांनी जन्मात पाहिलेली नाही. मास्तर मात्र मजेत आहेत.

शिकवते कशी, तर ऐक. पहिली बस सुटायच्या आधी मी लॉकरच्या खोलीत चार डबे लपवते. पत्र्याचे डबे, झाकणाला भोकं, आत स्फोटकाचा चिमूटभर नमुना, नुसता वासापुरता. मग मास्तरांना आणते. वास आला की ते तिथं गपकन बसतात, भुंकत नाहीत, आणि बसले की चेंडू मिळतो. पाच वर्षांत एकदा चुकले नाहीत. डबे दुसऱ्यानं लपवायचे असतात खरे, पण मदतनिसाची जागा रिकामी ती रिकामीच, त्यामुळे लपवणारी मी आणि शोधणारीही मीच. त्या स्पर्धेतही प्रत्येकानं आपापले डबे न्यायचे होते.

नमुने मी इथं आले तेव्हापासूनचेच आहेत. नवे मागितले की वरून 'पाहू' एवढं उत्तर येतं. पण मी जपलेत. ड्यूटीच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, कुलूप लावून, माझ्या हिरव्या रबरी हातमोज्यांबरोबर एकाच कप्प्यात. डब्यांना उघडा हात लावायचा नाही असं शिकवलंय आम्हाला, म्हणून मोजे घातल्याशिवाय मी डब्याला शिवत नाही. आहे की नाही शिस्त?

मावशीचं, म्हणजे तुझ्या आईचं, म्हणशील तर ती सोमवारी आणि गुरुवारी गुडघ्याच्या व्यायामाला जाते, बस आमच्याकडूनच सुटते. अर्धा तास आधी येऊन तिसऱ्या बाकावर बसते आणि मास्तर तिच्या पावलांवर डोकं टाकून पडतात. परवा म्हणाली, 'पेपर वाचून घराबाहेर पडायची भीती वाटते गं. हा आहे म्हणून इथं निवांत बसते.'

आता तू हुशार. माझ्या पद्धतीत कुठं खोट दिसली तर आत्ताच सांग, महिना हातात आहे. तुझ्याशिवाय मी विचारू कुणाला?

तुझी
भिंगरी


१६ जून

भिंगरे,

पत्र पोचलं. तिसऱ्या बाकाची हकिगत वाचली. माझ्या वाढदिवसाला आईचा फोन आला होता, त्यातला अर्धा वेळ तुझ्या कुत्र्याच्या पोटदुखीत गेला, हे तुझ्या माहितीसाठी.

तीन बारीकसारीक प्रश्न, सहज विचारतेय. तू रिकामे डबे कधी लपवतेस का? हातमोजे कधी बदललेस का? पाच वर्षांत डबे दुसऱ्या कुणी लपवलेत असं एकदा तरी झालंय का?

बाकी तुझ्या पद्धतीत खोट काढण्यासारखं काही दिसत नाही. छान चाललंय. चालू ठेव.

ताई


१७ जून
(हे पत्र टपालात टाकलेलं नाही)

भिंगरे,

काल मी खोटं लिहिलं.

तुझा कुत्रा स्फोटकं शोधत नाही. तो तुझे हातमोजे शोधतो. तुझं पत्र वाचतानाच कळलं, 'एकाच कप्प्यात' या शब्दांपाशी.

पाच वर्षांचे नमुने, रोज उघडे पडणारे. त्यांचा वास उडून गेला असणार, उरलासुरला त्या डब्यांत तुझ्या मोज्यांच्या वासाखाली दडपला असणार. रबराचा वास किती उग्र असतो हे आपल्या नाकाला कळतं, तर त्याच्या नाकाला काय होत असेल. कुत्र्याचा हिशोब साधा असतो, ज्या वासापाशी बसलं की चेंडू मिळतो तो वास खरा. रोज चारही डब्यांना ठळकपणे येणारा वास एकच, तुझ्या हिरव्या मोज्यांचा. सुरुवातीला त्याला खरं काम येत असेलही, पण तू रोज थोडं थोडं करून त्याला दुसरंच शिकवलंस. त्याचा दोष नाही. तुझाही फारसा नाही, एकटीनं दोघांचं काम केलं की असं होतं.

खात्री करायची तर कोरे, रिकामे डबे मोजे घालून लपव. तो त्यांच्यापाशी बसला तर माझं म्हणणं खरं.

हे तुला आजच्या आज कळायला हवं. तो रोज खऱ्या माणसांच्या खऱ्या बॅगा हुंगतो आणि तू त्याच्यावर विसंबून 'जा पुढे' म्हणतेस. टपालपेटी आमच्या फाटकाला लागून आहे. जेवायच्या सुट्टीत दोनदा तिथपर्यंत जाऊन आले. पण हे मिळालं की तू मोजे फेकून देशील आणि चोवीस दिवसांत त्याला नव्यानं शिकवशील, तू तेवढी जिद्दीची आहेस. मग तो अकरा तारखेला पुन्हा शहाण्यासारखा बसेल आणि आई पुन्हा कात्री शोधायला लागेल.

उद्या टाकते.

ताई


२४ जून

ताई,

तुझ्या तीन प्रश्नांची उत्तरं अशी. रिकामे डबे मी कशाला लपवू, मास्तरांना काय उल्लू बनवायचंय? मोजे फाटले की बदलते, पण खोका एकच, खालच्या कप्प्यात पन्नास जोड पडलेत. आणि डबे दुसऱ्या कुणी लपवलेले नाहीत, एकदाही नाही.

पण उत्तरं राहू देत. तू 'छान चाललंय' असं लिहिलंस. ताई, तुला कल्पना नाही मला काय वाटलं ते. तू कुणाला उगाच छान म्हणत नाहीस, माझ्या लग्नातल्या साडीलासुद्धा 'बरी आहे' म्हणाली होतीस. मी ते पत्र घेऊन थेट साहेबांकडे गेले. ते चाचणी पुढे ढकला म्हणून समितीला लिहिणार होते, मदतनीस नाही, तयारी नाही, असं काहीतरी. मी म्हटलं, गरज नाही, यंत्र करणाऱ्या बाईनंच आमची पद्धत पसंत केलीय. त्यांनी अर्ज फाडून टाकला.

सोमवारी मावशीला पत्र वाचून दाखवलं. तुझी सगळी पत्रं मी तिला वाचून दाखवते, तेव्हा जपून लिहीत जा. मला वाटलं वाढदिवसाच्या फोनवरून तिला हसू येईल. कसलं हसू. मग तुझ्या गोष्टी सुरू. तू चौथीत घरातल्या सगळ्या बाटल्यांची झाकणं काढून वास लिहून ठेवले होतेस ती गोष्ट मी आता किमान पन्नास वेळा ऐकलीय. तुला वाटतं ती मास्तरांसाठी लवकर येते. अगं, ती येते तुझ्याबद्दल बोलायला. घरी तिचं ऐकायला कुणी नाही, आणि मी ड्यूटीवर असले की उठून जाऊ शकत नाही. कधी कधी इतका राग येतो ना तुझा. आठ तास लांब बसून तू तिच्या जिभेवर असतेस, आणि तिच्या गुडघ्याला तेल लावून देते मी.

असो. मास्तर फॉर्मात आहेत. कालही चारपैकी चार.

तुझी
भिंगरी


३० जून

भिंगरे,

चाचणीचे नियम करायचं काम समितीनं माझ्याकडे दिलंय. ते असे. नमुने ताजे, आमच्या भांडारातून. डबे कोरे. चाळीसही बॅगांत डबा असेल, चौतीस रिकामे; नमुन्याच्या सहा बॅगांच्या मुठींना यंत्रासाठी नमुन्याचा बारीक अंश लावलेला. लपवणारा भांडाराचा कारकून, प्लास्टिकचे नवे मोजे घालून. कोणत्या बॅगेत काय आहे हे तुलाही माहीत नसेल आणि मलाही. सगळीकडे असंच करतात, तुझ्यासाठी वेगळं काही केलेलं नाही.

आईबद्दल तू लिहिलंस ते वाचलं. खरं वाटलं नाही.

ताई


१३ जुलै

ताई,

तू तिथं होतीस, तरी लिहिते. तू दूर यंत्रापाशी उभी होतीस आणि नंतर न भेटताच गाडीला गेलीस.

तुझ्या यंत्रानं सहापैकी पाच शोधले आणि एका बॅगेच्या मुठीवरच्या हातांच्या क्रीमवर उगाच बोंब मारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग आम्ही. मास्तर पहिल्या रांगेतून गेले, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या. कुठंच बसले नाहीत. मला वाटलं गर्दीमुळे बिचकले, म्हणून पुन्हा फिरवलं. ते सगळ्या बॅगा टाकून सरळ भिंतीकडे गेले आणि गपकन बसले. माझ्या स्वतःच्या पिशवीपाशी. मान वर करून माझ्याकडे बघत होते, चेंडू दे म्हणून. ते समितीचे टक्कलवाले आहेत ना, ते म्हणाले, 'बाई, तुम्हीच काही आणलंय का बरोबर?' आणि सगळे हसले. मीही हसले. काय करणार?

पिशवीत एकच गोष्ट होती, हिरव्या मोज्यांचा जोड.

काल रविवारी मी सहा नवे डबे आणले, रिकामे, मोजे घालून लपवले. मास्तर सहाच्या सहांपाशी बसले. प्रत्येक वेळी इतके खूश होते की मी चेंडू दिला, दिल्याशिवाय राहवेना. मग लॉकरच्या खोलीत जमिनीवर बसून राहिले. आज सकाळी साहेबांकडे जाऊन मीच लेखी दिलं, की या कुत्र्याला ड्यूटीवरून उतरवा, हा गेली कित्येक वर्षं हातमोजे शोधतोय, आणि ते मी त्याला शिकवलंय. साहेबांनी दोनदा वाचलं. म्हणाले, 'म्हणजे एवढी वर्षं इथून काय काय गेलं असतं...' आणि वाक्य सोडून दिलं.

काही गेलं नाही, ते नशीब.

आता एक विचारते. तुझं सोळा जूनचं पत्र मी परत काढून वाचलं. रिकामे डबे, मोजे, लपवणारा माणूस. ताई, ही यादी सहज सुचत नाही. जिला कळलंय तिलाच सुचते. आणि त्याच पत्रात खाली लिहिलंस, 'खोट काढण्यासारखं काही दिसत नाही.'

तुला कधी कळलं होतं?

भिंगरी


१९ जुलै

भिंगरे,

तुझं अकरा जूनचं पत्र हातात पडलं तेव्हाच.

सोबत सतरा जूनचं पत्र आहे. ते रोज बॅगेत घालून नेलं आणि रोज परत आणलं. पाकिटाचे कोपरे बघ, कळेल. त्याची सबब म्हणून पाठवत नाही. मला कळलं होतं, समजावून लिहिता येत होतं, लिहिलंही होतं, आणि तरी टाकलं नाही. एवढं तुझ्याकडे लेखी असावं.

का, ते तुला माहीत आहे, तरी लिहिते. मला हेवा वाटला. तुझ्या बक्षिसाचा वाटला तो थोडा, तेवढा मी गिळला असता. पण आईच्या पावलांवर डोकं ठेवून तुझं कुत्रं झोपतं, त्याचा मला हेवा वाटला. चाळिशी उलटलेली बाई मी, पदव्या भिंतीवर, आणि एका कुत्र्यावर जळते. कुणाला सांगितलं तर हसतील. मी मनाशी म्हणत होते, चाचणीतच उघड होऊ दे, शास्त्रीय पद्धतीनं, माझ्या तोंडून कशाला. त्या रोजच्या बॅगांचा विचार आला की दुसरं काहीतरी काम काढायची. मध्ये कितीदा सोमवार आणि गुरुवार आले ते मी मोजलेच नाहीत. मुद्दाम मोजले नाहीत.

अकरा तारखेला मी जिंकले. यंत्र झाकून वळले तर आई भिंतीपाशी तुझ्या पाठीवरून हात फिरवत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, लांबूनच हात केला, आणि परत तुझ्याकडे वळली. तशीच स्टेशनवर गेले. गाडीत शेजारच्या बाईनं विचारलं, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, चाचणी फार छान झाली.

समितीला मी काल पत्र दिलंय. पद्धतीतली चूक मला जूनमध्येच कळली होती आणि मी लपवली, असं त्यात लिहिलंय. यंत्र पुसलेल्या मुठीपुरतंच सांगतं, अख्खं स्थानक हिंडून हुंगायला कुत्राच लागतो, आणि हा कुत्रा सुधारण्यासारखा आहे, हेही लिहिलंय. आमच्या संचालकांनी मला यंत्राच्या कामावरून दूर केलंय, पुढचं चौकशीनंतर. ते बरोबरच आहे.

शिकवायचं ते असं. ताजे नमुने मी भांडारातून पाठवायची व्यवस्था केलीय, प्रत्येक वेगळ्या बंद बरणीत, एकमेकांशेजारी ठेवू नकोस. डबे दुसऱ्या कुणाकडून लपवून घे, अगदी झाडूवाल्या बाईंकडूनही चालेल. तू पाठ करून उभी राहा, कारण तुला जागा माहीत असली की तुझं पाऊल तिथं अडतं आणि ते त्याला कळतं. एका खऱ्यामागे पाच रिकामे ठेव. काहींना तुझे हिरवे मोजे मुद्दाम चोळ, आणि त्यांच्यापाशी बसला तर चेंडू नाही. तोंडाकडे कितीही बघू दे, द्यायचा नाही.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

ताई


२७ जुलै

ताई,

तू मोजले नाहीस, मी मोजले. सतरा जून ते अकरा जुलै. चार गुरुवार, तीन सोमवार. सात वेळा मावशी त्या बाकावर बसली आणि सात वेळा म्हणाली, हा आहे म्हणून निवांत आहे. तिची बस भरायची तेव्हा प्रत्येक बॅग मास्तर हुंगायचे आणि मी हात करायची, जाऊ दे. तुझी आई त्या बसमध्ये असायची ताई. माझ्यावर जळलीस ते मी समजू शकते, मी तुझ्यावर जन्मभर जळत आलेय. पण तू तिला त्या बसमध्ये बसू दिलंस.

समितीनं मास्तरांना सहा आठवडे दिलेत. तुझ्या पत्रामुळे दिले, हेही खरं. डबे झाडूवाल्या बाई लपवतात आणि त्यांना त्याची इतकी मजा वाटायला लागलीय की परवा एक डबा साहेबांच्या खुर्चीखाली ठेवला होता. मी पाठ करून उभी राहते. पहिले दोन दिवस मास्तर मोज्यांपाशीच बसत होते आणि चेंडू नाही मिळाला की माझ्या तोंडाकडे बघायचे. काल पहिल्यांदा एका ताज्या नमुन्यापाशी बसले. सहापैकी एक. होईल की नाही सांगता येत नाही, गोदामाची साखळी अजून टळलेली नाही. तोवर फाटकावर तुझं यंत्र बसवलंय आणि पट्टी फिरवायला कोण, तर मी.

आता खरं सांगायचं ते. तुझं पाकीट गुरुवारी आलं. ड्यूटीच्या खोलीत वाचलं आणि तोंडावर पाणी मारून बाहेर आले, तर मावशी समोर. म्हणाली, 'ताईचं पत्र ना ते? वाच की.' तिचा चष्मा फुटलाय, गेला आठवडाभर तिला अक्षर दिसत नाही. मी पत्र उघडून धरलं आणि तोंडाला येईल ते वाचत सुटले. आईची तब्येत कशी आहे, आई चाचणीला येऊन उभी राहिली याचं मला फार बरं वाटलं, गडबडीत भेटता आलं नाही, असं काहीबाही. मध्ये अडले, काही सुचेना, म्हणून समोर दिसलं ते एक वाक्य तुझंच वाचलं. आईच्या पावलांवर डोकं ठेवून कुत्रं झोपतं त्याचा मला हेवा वाटतो, हे.

मावशीची बस लागली, कंडक्टरनं हाक मारली, तरी ती बसून. मग म्हणाली, 'वेडी कुठली. मग यायचं होतं. पाय काय माझे कुठं पळून गेले होते?'

आणि माझ्या हातातून पाकीट काढून घेतलं. म्हणाली, एवढं मायेचं तिनं मला कधी लिहिलं नाही, चष्मा आला की माझ्या डोळ्यांनी वाचीन. दोन्ही पत्रं त्यातच आहेत. मी काय करायला हवं होतं, म्हातारीशी झोंबाझोंबी? पाकीट आता तिच्या पर्समध्ये आहे. बसमध्ये चढतानाही दोनदा चाचपून बघितलं तिनं.

चष्मा सहा ऑगस्टला मिळणार आहे. मी ते पाकीट चोरणार नाही आणि तिला पुन्हा खोटं वाचून दाखवणार नाही, एकदा जमलं तेच खूप झालं. तुला माफ केलेलं नाही, करीन की नाही माहीत नाही, ते आपण दोघी नंतर बघू. पण पाच तारखेपर्यंत ये आणि तुझ्या तोंडानं तिला सांग. नाही आलीस तर ती ते वाचेल तेव्हा शेजारी मी असेन, आणि रडायला तिला माझाच खांदा मिळेल. तेवढं तरी मला मिळू देऊ नकोस.

भिंगरी